हबीबची पेटी आणि इंद्रभानची हाळी

लोणारच्या तळ्यात माणूस चुकला तर त्याला बाहेर काढावं ते इंद्रभाननंच, असं काही कोणी ठरवलेलं नव्हतं. वीस वर्षांत ते आपलं होऊन गेलं होतं. आणि तळं म्हणजे गावाकडचं म्हशी डुंबायचं तळं समजू नका. कढईसारखा खोल, गोल खड्डा. काठावर उभं राहून खाली बघावं तर झाडांचे शेंडे पायाखाली, आणि पार बुडाशी ते हिरवं, खारं, वासाचं पाणी. उतारावर बाभळी, सीताफळी, चिंचा यांची अशी दाटी, की आत शिरलेल्या गाईची घंटी ऐकू येते पण गाय काही दिसत नाही. नवखा माणूस देवीच्या दर्शनाला उतरतो, परतताना पायवाट सोडतो आणि बसतो फिरत.

मग इंद्रभानला बोलावणं. उंच, काटक, पन्नाशीला टेकलेला गडी, डोक्याला मळका पटका, पायात टायरच्या चपला. खाली उतरायचा, माणूस शोधायचा, आणि सापडला की तिथूनच कानावर हात ठेवून हाळी द्यायचा, “तुळशीराम घावला होऽऽ!” नाव घेऊनच द्यायचा, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडावा. काठालगत बारमाही पाण्याची धार आहे. तिथं पाणी भरणाऱ्या बायका ती हाळी ऐकायच्या आणि गावात पोचवायच्या. इंद्रभानचा आवाज आला म्हणजे माणूस मिळाला. त्या आवाजाचा दुसरा अर्थ लोणारला ठाऊकच नव्हता.

त्याला शेतीवाडी बेताची, पोळ्याला त्याच्या बैलांना कोणी पुढं घेत नसे, पंचायतीत त्याला कोणी विचारत नसे. पण रस्त्यानं चालला की पोरं म्हणत, ‘हा पाहा, तो हाळीवाला.’ तेवढ्यावर गडी खुश होता हो. तेवढ्यावर छाती काढून चालायचा.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली असतील नसतील, तेव्हा सर्वेवाले आले. तंबू ठोकले, तळ्याचं पाणी मोजलं, दगड फोडले. त्यांचा चष्मेवाला साहेब स्वभावानं काळजीवाला. त्यानं जाताना गावाला एक पेटी दिली. पत्र्याची, लाल रंगाची, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यात एक पितळी शिट्टी, तळहाताएवढा आरसा, दोन सेलांचा टॉर्च आणि तांबडं फडकं. एकट्यानं तळ्यात उतरायचं असेल तर ही पेटी कमरेला पाहिजेच. पाण्याशी पोचलं की आरशानं उन्हाची तिरीप काठावर मारायची, म्हणजे वरच्यानं समजावं की माणूस सुखरूप आहे. आणि अडकलं तर तीन शिट्ट्या मारायच्या, थांबायचं, पुन्हा तीन मारायच्या.

इथवर सगळं ठीक. इंद्रभाननं पेटीसाठी हात पुढं केलासुद्धा. आणि साहेब म्हणाला, “वापरायची तुम्ही. सांभाळायची मात्र या हबीबनं, आणि काठावरून लक्षही त्यानंच ठेवायचं.”

इंद्रभानचा हात तसाच राहिला. साऱ्या गावासमोर.

हबीब कोण? तर बसस्टँडसमोर टपरीत बसून स्टोव्ह, बत्त्या आणि टॉर्च दुरुस्त करणारा तिशीचा माणूस. लहानपणी तापात त्याचा डावा पाय वाळला, काखेत काठी घेऊन चालायचा. जन्म लोणारात, पण आयुष्यात एकदाही तळ्यात उतरलेला नाही. त्याच्या हातात तळ्याची पेटी! इंद्रभान घरी आला आणि बायकोला म्हणाला, “ज्यानं तळ्याचं पाणी पायाले लावलं नाई, तो आता मले तळं शिकवन!”

गोजरबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “साहेबाले वाटलं आसंन, त्याले टॉर्चचं समजते.”

“अन् मले काय समजते?”

गोजरबाईनं भाकरी उलटली. तीस वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसावं हे बाईला चांगलं कळत होतं.

सर्वेवाले गेले, पण इंद्रभानकडे एक काम ठेवून गेले. दर सोमवारी तळ्याच्या पाण्याची एक बाटली भरून आणायची, बसनं पाठवायची. म्हणजे दर सोमवारी सकाळी इंद्रभानला हबीबच्या टपरीसमोर उभं राहणं आलं. आणि हबीबचं ते सांभाळणं म्हणजे, काय सांगावं! पेटी उघडणार. कागदात गुंडाळून वेगळे ठेवलेले सेल काढणार, कारण टॉर्चमध्ये राहिले तर ते पाणी सोडतात. टॉर्चच्या आतली पत्र्याची जीभ पॉलिशपेपरनं घासणार. आरशावर तळ्याच्या खाऱ्या हवेचा पांढरा थर चढतो, तो मलमलीच्या तुकड्यानं अलगद पुसणार. शिट्टी कानाशी हलवून पोटातला मणी खुळखुळतो का ते बघणार. मग पेटीतल्या पुठ्ठ्यावर तारीख लिहिणार. त्या पुठ्ठ्यावर वरच्या बाजूला त्यानंच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘नेणार: इंद्रभान. घरी कळवायचे: गोजरबाई.’

आणि हे सगळं झाल्यावर शिट्टी पुढं करून म्हणणार, “वाजवून पाहा, इंद्रभानभाऊ.”

भर बसस्टँडवर! मेहकरच्या गाडीला थांबलेली माणसं बघताहेत, आणि पन्नाशीचा गडी गाल फुगवून शिट्टी फुंकतोय! इंद्रभानच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, हबीब ते हसून म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. तो बापडा अगदी अदबीनं म्हणायचा. त्यानं तर आणखी आग लागायची.

सूड म्हणून इंद्रभान काय करायचा माहीत आहे? पाण्याशी पोचला की मुद्दाम उशीर करायचा. बाटली भरायची, चिंचेखाली बसून सावकाश सुपारी कातरायची, आणि मग कुठं आरसा काढायचा. वर काठावर हबीब एका पायावर तोल सांभाळत, डोळ्यांवर हात धरून उन्हात उभा असेल, या विचारानं सुपारीला चव यायची. हबीब त्यावर कधी बोलला नाही.

आणि रात्री जेवताना रोजचं पारायण. “तीन शिट्ट्या म्हने! मंग थांबा म्हने! मंग परत तीन म्हने! आमच्या बापजाद्यांनी शिट्ट्या मारल्या व्हत्या काय? आँ?” ताटावर बोटं आपटून तो तीन-थांब-तीन वाजवून दाखवायचा आणि तोंड वेंगाडायचा. गोजरबाईला ते इतकं पाठ झालं की पीठ चाळतानासुद्धा तिचा हात त्याच ठेक्यात पडायचा.

मग वैशाखात ती गोष्ट झाली. सर्वेवाल्यांचा एक नकाशेवाला परत आला, हबीबकडून पेटी घेऊन उतरला आणि वाट चुकला. त्यानं भलत्याच उतारावरून पुन्हा पुन्हा आरसा चमकवला, हबीबनं तो काठावरून पाहिला, काय ते ओळखलं आणि इंद्रभानला निरोप धाडला. इंद्रभान गेला. उन्हानं भोवळ आलेल्या त्या आडदांड माणसाला पाठुंगळी मारून दोन तास चढला, टाचा फुटून रक्त आलं. चार दिवसांनी पंचायतीसमोर सत्कार झाला. सरपंच अर्जुनराव उठले, हार घेतला आणि सरळ हबीबच्या गळ्यात घातला. म्हणाले, “याची नजर, अन् याची पेटी! आरसा साफ नसता तर माणूस हाती लागला नसता.” इंद्रभानलाही हार होता. दुसरा.

दुसरा हार म्हणजे काय ते ज्याच्या गळ्यात पडतो त्यालाच विचारा. घरी जाताना इंद्रभाननं तो काढून शेळीपुढं टाकला. ‘माह्या पाठीवर आला तो माणूस,’ तो स्वतःशीच बोलत होता, ‘माह्या पाठीवर! अन् आरसा साफ व्हता म्हने!’ उन्हाळाभर, पावसाळाभर ते त्याच्या डोळ्यात सलत राहिलं. हबीबच्या टपरीवर कोणी थांबलेलं दिसलं तरी त्याच्या पोटात दुखायचं.

दसरा जवळ आला तशी त्याला एक युक्ती सुचली. खंडेनवमीला घरोघर हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, दोर, ज्याच्यावर आपलं पोट ते सगळं देवापुढं मांडतात. नवमीच्या आदल्या दिवशी तो टपरीवर गेला.

“पेटी दे. माह्या हत्याराईसंग पुजतो.”

हबीबनं क्षणभर पेटीवर हात ठेवला. “पुजा खुशाल, भाऊ. फक्त ओली नका होऊ देऊ. अन् सोमवारी उतरायच्या आंधी एकडाव मले दाखवजा.”

“काऊन? मले सांभाळता येत नाई?”

“तसं नाई म्हनत मी.”

“मंग झालं तर!” इंद्रभान पेटी काखोटीला मारून निघाला. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. टपरी मागं पडेपर्यंत त्यानं वळून पाहिलं नाही.

आणि अशी पूजा केली महाराजा, की विचारू नका! गोजरबाईला हात लावू दिला नाही. शिट्टी चिंचेनं घासून सोन्यासारखी केली. तेलात कुंकू कालवलं आणि कुऱ्हाडीला लावतात तसं बोटं भरभरून शिट्टीला लावलं, टॉर्चला लावलं, आरशावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर तांबडा दोरा गुंडाळला, अक्षता वाहिल्या. हबीब नुसता पुसत होता, आपण पुजली! देवाचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून सोमवारी पेटी होती तशीच त्यानं कमरेला बांधली. टपरीवर दाखवायला गेला का? छे. दुसऱ्या गल्लीनं गेला.

नवरात्रातली गर्दी ओसरली होती. तळ्यात चिटपाखरू नव्हतं. उतार संपत आला तिथं, जिथून तो हजारदा गेला असेल तिथंच, शेवाळलेल्या दगडावरून त्याची चप्पल सरकली आणि पाय दोन धोंड्यांच्या खाचेत अडकून वळला. कडकन् आवाज आला. डोळ्यांपुढं काजवे. पाय कसाबसा बाहेर ओढला, पण टेकवता येईना. घोटा बघता बघता वांग्यासारखा सुजला.

बसल्या जागी त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना. मग पेटी उघडली. आरसा काढला तर वर झाडांची सावली, आणि धोतरानं पुसायला गेला तो तेलकट कुंकू साऱ्या काचेवर पसरलं. मग शिट्टी तोंडाला लावली. फुस्स! फटीत तेल-कुंकू जाऊन वाळून बसलेलं, वरून अक्षता. मणी पोटात चिकटलेला. त्यानं बाभळीचा काटा घेतला आणि टोकरायला लागला, तर काटा आतच मोडला.

शेवटी त्यानं कानावर हात ठेवला आणि जीव खाऊन ओरडला. वारा उलटा होता, शब्द काही वर गेले नसावेत, नुसता आवाज गेला. वरून धारेवरच्या एका बाईचा उत्तराचा सूर आला. ती कोणाला तरी सांगत होती, “घावलं वो कोनीतरी!” आणि हसू ऐकू आलं. बायका घागरी घेऊन निघून गेल्या. वीस वर्षं ज्या आवाजावर तो मिरवला, त्या आवाजावर कोणी मदतीला येणार नव्हतं.

पुन्हा हाक मारायला त्याची जीभ उचलेना. खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा दुसरीच गोष्ट त्याला खात होती. इंद्रभान तळ्यात अडकला! वर समजलं तर? अर्जुनराव काय म्हणतील? आणि तो टपरीवाला?

दुपार कलायला लागली तेव्हा वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग झुडपं हलली आणि त्यातून आधी काठी दिसली, मग हबीब. बसून सरकत, ढुंगणानं उतार उतरत आलेला. पायजमा फाटलेला, तळहात सोललेले, दाढीत पाचोळा.

“तू?” इंद्रभान म्हणाला. “तू कसा आला बे?”

“आलो.” हबीब धापा टाकत होता. “तिरीप नाई दिसली. दर सोमवारी उशीर करता तुमी, मले मालूम हाय. पन इतका नाई करत.”

इंद्रभानचे कान तापले. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! “मंग दुसऱ्या कोनाले धाडाचं व्हतं. बोंब ठोकाची व्हती.”

“ठोकली असती तर सारं गाव जमलं असतं. इंद्रभान तळ्यात अडकला म्हनून बोभाटा झाला असता.” हबीबनं काठी आडवी ठेवली. “म्हनलं, आपनच पाहून येऊ.”

आता बघा, याला काय म्हणावं? माणसानं गहिवरून यावं की नाही? इंद्रभान गहिवरला नाही. त्याला मनात एकच वाटलं, की हेही यालाच सुचावं! एका पायानं हा उतरला, माझी इज्जत राखायला उतरला, आणि मी सुपारी कातरत याला उन्हात उभा करत होतो. इतका हेवा त्याला त्या हाराचासुद्धा वाटला नव्हता.

हबीबनं पेटी ओढली आणि आत पाहिलं. लालभडक आरसा, दोरा गुंडाळलेला टॉर्च, कुंकवानं लिंपलेली शिट्टी.

“पुजली लय चांगली,” तो म्हणाला.

“बोल ना! बोल काय बोलाचं ते!”

हबीबनं पेटी मांडीवर घेतली. खिशातून स्टोव्हची पिन काढली, ती बारीक तारेची, जी त्याच्या खिशात कायम असायची. शिट्टीच्या फटीतून आधी काट्याचं टोक काढलं, मग कुंकवाच्या खपल्या. मणी पिनेनं ढकलून मोकळा केला. सदऱ्याच्या टोकानं पुसली, कानाशी हलवली. खुळखुळ वाजलं. आणि सवयीनं त्यानं ती पुढं केली.

“वाजवून पाहा, इंद्रभानभाऊ.”

इंद्रभाननं घेतली. मग थबकला. “वाजवून काय फायदा? तीन शिट्ट्या वळखनारा तू एकटा. अन् तू तर इथं बसला!”

हबीबचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं. मग दोघांनाही, दुखत असताना, हसू आलं. इंद्रभाननं ते लगेच गिळलं आणि शिट्टी फुंकली. तीन. थांबला. पुन्हा तीन.

वर धारेवर गोजरबाई तिसऱ्या प्रहरच्या पाण्याला आली होती. घागर निम्मी भरली होती. तीन, थांब, तीन. तो ठेका तिनं वर्षभर ताटावर ऐकला होता. घागर तिथंच टाकून ती पंचायतीकडे धावत सुटली.

पाऊण तासानं मधल्या वळणावर माणसांचे आवाज आले. अर्जुनरावांचा आवाज होता, आणि आणखी पाच-सात जणांचा. मग सगळ्यांवर गोजरबाईचा, “कोन हाय होऽऽ? कोन अडकलं?”

उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलंच होतं. हाळी इंद्रभानची, आणि हाळीत नाव पाहिजे. त्यानं कानावर हात नेला आणि तिथंच थांबला.

हबीबनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हळूच म्हणाला, “माहं नाव घ्या.”

“काय?”

“हबीब घावला म्हना. सांगजा, हबीब हौसेनं उतरला, घसरला, त्याले काढता काढता माहा पाय गेला. लंगडा मानूस हाय, सर्वाईले पटन. मले तसंबी एकडाव तळं पाहाचंच व्हतं. मेल्यावर कोनी आनून दाखवलं नसतं.” त्यानं झाडांच्या फटीतून दिसणाऱ्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं. “तुमी रोज पाहाता. मी वरून नुसता आरसा पाहाचो.”

वरून पुन्हा हाक आली, “कोन हाय होऽऽ?”

सोपं होतं हो! दोन शब्द. वीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं, उलट वाढलं असतं. मोडक्या पायानं हबीबला वाचवलं म्हणून पहिला हार मिळाला असता. इंद्रभाननं श्वास घेतला. ‘हबीब’ हे नाव ओठापर्यंत आलंसुद्धा.

आणि तीच जुनी आग पुन्हा उठली. पेटी यानं सांभाळली. शिट्टी यानं मोकळी केली. एका पायानं हा उतरला. आणि आता मोठेपणाही यानंच करायचा? मला इज्जत हा दान देणार? म्हणजे जन्मभर सोमवारी सोमवारी मी याच्याकडून पेटी घ्यायची आणि मनात म्हणायचं, हा माझ्याहून मोठा? नाही. एवढं तरी नाही जाऊ देणार मी याला!

“एऽ, गप बस,” तो हबीबवर खेकसला. मग कानावर हात ठेवला, आणि तळ्याच्या चारी काठांवर जाईल अशी हाळी दिली.

“इंद्रभान घावला होऽऽ! हबीबले घावला!”

वरची पावलं जागीच थांबली. कोणाला आधी काही उमगलंच नसावं, कारण त्या आवाजात ते नाव कधी आलंच नव्हतं. मग गोजरबाईचं रडणं ऐकू आलं आणि माणसं झपाझप उतरू लागली.

हबीब पेटीतला पुठ्ठा बाहेर काढत होता. त्यावर सोमवारची तारीख लिहायची राहिली होती. त्यानं खिशातली शिसपेन्सिल काढली आणि इंद्रभानपुढं धरली.

“मले लिहिता येत नाई, मालूम नाई काय तुले?” इंद्रभान म्हणाला.

“सोमवारी या टपरीवर. शिकवतो.”

“पाय बरा झाल्यावर येईन,” इंद्रभान म्हणाला. आणि तोंड दुसरीकडे करून, “पन शिट्टी मी बसस्टँडवर वाजवनार नाई. टपरीच्या आतमंदी वाजवीन.”